गुलाबी फोमचा बोर्ड

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ गावात सॅन लोरेंझो नदी समुद्राला मिळते. त्या मुखाशी १८८५ च्या जुलैत हवाईच्या राजघराण्यातले तीन सख्खे भाऊ लाटांवर उभे राहून किनाऱ्याला आले. डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कुहिओ कलानियानाओले ही त्यांची नावं. सॅन मटेओच्या शाळेत शिकायला ठेवलेली मुलं, सुट्टीला इथे आलेली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची पहिली लेखी नोंद ती हीच. लोकांना यात राजपुत्रांचं अप्रूप वाटतं. मला वाटतं ते त्यांच्या फळ्यांचं. हवाईत त्यांचे पूर्वज कोआ, विलीविली किंवा उलूच्या लाकडाचे बोर्ड घडवत आले होते. उलू म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. सांताक्रूझच्या डोंगरात यांपैकी एकही झाड नाही. तिथे रेडवूडची जंगलं होती आणि लाकूड कापायच्या गिरण्या होत्या. मुलांनी गिरणीतून रेडवूडच्या फळ्या कापून घेतल्या, त्यांना आकार दिला आणि पाण्यात उतरली.

होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये दोन जुने रेडवूडचे बोर्ड आहेत. ते याच भावांचे असावेत असं मानलं जातं. २०१५ मध्ये ते सांताक्रूझला प्रदर्शनासाठी आणले होते, तेव्हा मी ते पाहिले. माणसाच्या दुपटीहून लांब, काळपट, पोट जवळजवळ सपाट, कडा हाताने गोलावलेल्या. त्यांच्यापुढे उभी असताना माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली: बोर्ड करायला अमुकच लाकूड लागतं असं काही नसतं. जवळपास जे तरंगतं, कापता येतं आणि पाणी पीत नाही, त्याचा बोर्ड होतो.

हवाईतल्या जुन्या रीतीबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलेलं वाचायला मिळतं. झाड तोडलं की त्याच्या मुळाशी खड्डा खणून लाल रंगाचा कुमू मासा प्रार्थनेसह ठेवायचा. मग दगडी वाकसाने खोड तासायचं, प्रवाळाच्या आणि खरखरीत दगडांनी घोटायचं, मुळांच्या आणि काजळीच्या रंगाने काळं करायचं आणि शेवटी कुकुईच्या बियांचं तेल चोपडायचं. आमच्या मालवणात नव्या होडीला नारळ फोडल्याशिवाय पाण्यात लोटत नाहीत. त्यामुळे त्या माशाचं मला नवल वाटलं नाही. ज्याच्या भरवशावर आपण खोल पाण्यात जाणार, त्याला आधी काहीतरी दिलं पाहिजे ही भावना दोन्हीकडे सारखीच आहे.

मी मात्र माझा बोर्ड घराच्या भिंतीत घालायच्या फोमचा केला.

हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत उष्णतारोधक फोमच्या शीट मिळतात. थंड मुलखात घराच्या भिंतीत, तळघरात त्या बसवतात. आठ फूट लांब, दोन इंच जाड, एका कंपनीच्या गुलाबी, दुसऱ्या कंपनीच्या निळ्या. मी राहते त्या सांताक्रूझच्या किनाऱ्यावर हवा सौम्य, त्यामुळे जाड शीट दुकानात लावलेली नसते, सांगून मागवावी लागते. आपल्याकडे थर्माकोल म्हणतात तो याचा सख्खा भाऊ. दोन्ही पॉलिस्टायरिनच. थर्माकोलात छोटे छोटे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेले असतात. तोडला की मणी सुटतात आणि मण्यांच्या फटींतून पाणी आत शिरू शकतं. गुलाबी फोम वितळवून, दाबाने सलग बाहेर काढलेला असतो. त्याचा पोत बारीक आणि बंद. कापला तर मणी उडत नाहीत, बारीक भुगा पडतो. वजन म्हणाल तर घनमीटरला तीसेक किलो. म्हणजे माझ्या बोर्डाला जेवढा लागला, पन्नासेक लिटर, त्याचं वजन दीड किलोच्या आसपास.

या फोमचा जन्म भिंतीसाठी झाला असं वाटेल, पण तो आधी पाण्यावर गेला. स्वीडनच्या कार्ल मुंटर्सने त्याची कृती शोधली होती. डाऊ कंपनीत रे मॅकिंटायर यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुन्हा हाती लागल्यावर पुढे नेली, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९४२ मध्ये त्याचा जीवरक्षक तराफा करून घेतला. भिंती नंतर आल्या. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण दुकानातली माणसं मी काय करणार ते ऐकून मान हलवत होती.

फोमचा सर्फबोर्ड हा विचार ज्या माणसाने आधी मनावर घेतला, तो बॉब सिमन्स. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस. कॅल्टेकमध्ये शिकलेला, सायकलच्या अपघातात एक हात जायबंदी झालेला. पन्नास किलोच्या लाकडी फळ्या एका धड हाताने उचलून समुद्रापर्यंत न्यायच्या, तर हलका बोर्ड ही त्याची गरजच होती. वेगवान बोटींच्या तळावर लिंडसे लॉर्ड यांनी लिहिलेलं पुस्तक त्याने मन लावून वाचलं आणि त्यातलं गणित बोर्डाला लावलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पॉलिस्टायरिनचा गाभा घेतला. पण वरून काचेचं कापड चिकटवायला त्याच्या हाताशी रेझिन होतं ते पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं, ज्यात हा फोम विरघळतो. मग त्याने फोमला वरून-खालून प्लायवूड आणि कडेला बाल्सा लाकूड लावून झाकलं आणि त्यावर काचेचं कापड चढवलं. १९५४ मध्ये ला होयाजवळच्या विंडॅनसीच्या लाटांत तो गेला. पस्तीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच, १९५८ च्या सुमारास, होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड बाजारात आणले. त्याला पॉलिएस्टर चालतं. पुढे क्लार्कच्या कारखान्यातून अर्धवट आकाराचे तयार ठोकळे सगळीकडे जाऊ लागले, आणि अमेरिकेतले बहुतेक बोर्ड त्याच ठोकळ्यांतून कोरले जाऊ लागले. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्कने गिऱ्हाइकांना फॅक्स पाठवून कारखाना बंद केल्याचं कळवलं. एका दिवसात शेकडो कारागिरांच्या हातचा कच्चा माल गेला. त्या धक्क्यानंतर लोक पुन्हा पॉलिस्टायरिनकडे वळले, आणि या वेळी त्याला न विरघळवणारं एपॉक्सी रेझिन सर्रास मिळत होतं. सिमन्सच्या वेळी ते तसं मिळतं तर त्याने काय काय केलं असतं, असं अजूनही मनात येतं.

मालवणात माझ्या मामाचा फायबरच्या होड्यांचा छोटा कारखाना आहे. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की रेझिनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा आणि आजी आम्हाला हाकलायची. मी बोर्ड करणार म्हटल्यावर मामाने व्हिडिओ कॉलवर पहिली गोष्ट विचारली ती रेझिनची. "बाय, आमचा रेझिन थर्माकोलार ओतलंस तर पाणी होतला त्याचा." सिमन्सला जे झगडून कळलं ते मामाला कामातून ठाऊक होतं. एपॉक्सीचा डबा दाखवला तेव्हा त्याचं समाधान झालं, पण किंमत ऐकून तो गप्प झाला. एपॉक्सी फोमपेक्षा कितीतरी महाग पडतं हे खरंच आहे. स्वस्तात होईल म्हणून कोणी बोर्ड करायला घेत असेल तर त्याने हत्यारांचा, सँडिंगच्या कागदांचा, हातमोज्यांचा हिशेब आधी मांडावा.

आकाराची सुरुवात वाकवण्यापासून होते. सर्फबोर्ड बाजूने पाहिला तर नाक आणि शेपूट वर उचललेली दिसतात. त्या वाकाला रॉकर म्हणतात. वाक नसेल तर लाटेच्या उतारावर नाक पाण्यात रुतेल आणि माणूस पुढे फेकला जाईल. जास्त झाला तर बोर्ड पाणी ढकलत बसेल, पळणार नाही. एकच चार इंची ठोकळा असता तर तारेने कापून वाक काढावा लागला असता. दोन इंची दोन शीट असल्या की वेगळी युक्ती करता येते. प्लायच्या आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या उंचीच्या करून जमिनीवर ओळीने मांडायच्या, त्यावर पहिली शीट, मग पाणी शिंपडून पॉलियुरेथेनचा गोंद, मग दुसरी शीट, आणि वर वजनं. वाकताना वरची शीट खालचीवर किंचित सरकते. गोंद सुकला की ते सरकणं तिथेच गोठतं आणि दोन सपाट शीट मिळून एक वाकलेला ठोकळा होतो. वजनं काढल्यावर तो थोडा उघडतो, पण वाक टिकतो. भिंतीतून निघालेली वस्तू त्या सकाळी पहिल्यांदा पाण्याची वस्तू दिसू लागते.

त्यानंतर कडा. इथे मी पुष्कळ दिवस रमले, आणि रमण्यासारखंच ते काम आहे. चमच्याची पाठ नळाच्या धारेला हलकेच टेकवून पाहा. धार चमच्याला चिकटून वळते आणि चमच्याला स्वतःकडे ओढते. बोर्डाची कड गोल असेल तर लाटेचं पाणी तसंच तिला धरून वर वळतं आणि बोर्डाला लाटेच्या भिंतीशी बांधून ठेवतं. म्हणून पुढच्या भागात कड मऊ, गोल. मागे शेपटीकडे मात्र पाण्याने सुटलं पाहिजे, नाही तर वेग मिळणार नाही. तिथे कडेची खालची धार तीक्ष्ण ठेवायची. मऊ कड कुठे संपते आणि धार कुठून सुरू होते, ते कोणी आकड्यात सांगून तुम्हाला कळत नाही. हात फिरवत, पुन्हा घासत, पुन्हा हात फिरवत ते ठरवावं लागतं.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. हयात बोर्ड घडवण्यात गेली त्यांची. घरात आम्ही सगळे त्यांना शेजारचे आजोबा म्हणतो. माझ्या गॅरेजमध्ये आल्यावर त्यांनी हत्यारांकडे पाहिलंही नाही. छताचा दिवा बंद करायला लावला आणि दोन लांब ट्यूबलाइट आणायला सांगितल्या. दोन्ही भिंतींवर, बोर्डाच्याच उंचीवर, एकेक ट्यूब आडवी लावून घेतली. मग म्हणाले, "आता बघ." वरून उजेड पडत होता तेव्हा फोम गुळगुळीत दिसत होता. बाजूने तिरपा उजेड पडताच प्रत्येक उंचवटा सावली टाकू लागला. करवतीचे ओरखडे, पटाशीने लागलेली छोटी चीर, डाव्या कडेला जिथे मी जरा जास्त दाबलं होतं तो उथळ खळगा, सगळं उठून आलं. कडेच्या बाजूने एक लांब सावलीची रेघ नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली होती. ती जिथे तुटत होती तिथे काम बाकी होतं. "ती रेघ सलग कर," ते म्हणाले, "बाकी सगळं आपोआप होतं."

त्यानंतर रंधा हातात धरायची पद्धत. मध्येच थांबून एका जागी घासायचं नाही. नाकाशी सुरू करून शेपटीपर्यंत चालत जायचं, चालता चालता तासायचं, परत यायचं, आणि तेवढेच फेरे दुसऱ्या बाजूला. पावलं सारखी पडली की फोमही सारखा उतरतो. डोळे मिटून दोन्ही कडांवर दोन तळवे एकदम फिरवले तर डोळ्यांना न दिसलेला फरक तळव्यांना कळतो. आजोबा मध्येच येऊन तसे तळवे फिरवत आणि काही न बोलता एखाद्या जागी पेन्सिलने बारीक गोल काढून जात. त्या गोलांवरून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकातून शिकले नसते.

भुग्याबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. फोमचा भुगा अतिशय हलका असतो, स्थिर विजेने हातापायांना चिकटतो, दार उघडलं की वाऱ्यावर जातो. आमच्या रस्त्यावरची गटारं थेट समुद्रात उघडतात, आणि हा समुद्र म्हणजे १९९२ मध्ये संरक्षित झालेला माँटेरे उपसागर. जे पाण्यात जाऊ नये तेच घडवत आपण पाण्यासाठी काहीतरी करतो आहोत, ही टोचणी मला सतत होती. मी दारं लावून, तोंडाला मास्क बांधून, व्हॅक्यूमची नळी घासायच्या जागेशीच ठेवून काम केलं आणि तुकडा न् तुकडा पोत्यात भरला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरांवरून पुष्कळ वाद झाला. दहा दिवसांच्या मखरासाठी वर्षानुवर्षं न कुजणारी वस्तू वापरू नये, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. म्हणूनच हा फोम घ्यायचा तर त्याची वस्तू अशी करावी की ती वीस वर्षं हातातून सुटू नये. एका मोसमात मोडणारा बोर्ड करण्यापेक्षा न केलेला बरा.

थर्माकोलचा विषय निघाला की मला आणखी एक गोष्ट आठवते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हाताने वल्हवत ओलांडून शाळेत जातात, अशी बातमी २०२३ मध्ये आली होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला. ज्या वस्तूवर मी हौसेने लाटा पकडणार होते जवळजवळ तीच वस्तू, उघडी, मणी सुटत चाललेली, त्या मुलांच्या आणि खोल पाण्याच्या मधे होती. त्या मुलांना पूल हवा, तराफा नव्हे. पण तरंगण्याचं शास्त्र किती सोपं आहे आणि त्यावर किती काय काय टांगलेलं असतं, हे त्या फोटोने माझ्या मनात कायमचं बसवलं. एक लिटर फोम पाण्यात दाबला की पाणी त्याला एक किलोच्या जोराने वर लोटतं. त्यातून फोमचं स्वतःचं तीस ग्रॅम वजन वजा. बाकी सगळं आपल्या वाट्याला.

नुसता फोम मात्र बोर्ड होऊ शकत नाही. अंगठा दाबला तर त्यात खळगा पडतो, गुडघ्यावर टेकवून जोर दिला तर मोडतो. काचेच्या कापडाचंही तसंच. हातात घेतलं तर झुळझुळीत साडीसारखं लोंबतं. फोमच्या दोन्ही अंगांना ते कापड एपॉक्सीने चिकटलं की दोघांचंही रूप पालटतं. बोर्डावर उभं राहिलं की वरचं कापड दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, आणि मधला फोम त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. इमारतीच्या लोखंडी तुळईचं तत्त्व हेच. काच फोमला घट्ट बसली पाहिजे ही एकच अट, आणि गुलाबी फोमच्या बाबतीत तीच अवघड. त्याचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो, आणि उन्हात तापला की आतले वायू बाहेर येऊन काचेखाली फोड येतात. म्हणून त्याला आधी जाड्या कागदाने मुद्दाम खरखरीत करायचं, आणि बोर्ड झाल्यावर गडद रंग द्यायचा नाही, उन्हात तापत ठेवायचा नाही.

आजोबांचा आणखी एक नियम: काच संध्याकाळीच मारायची. दिवस चढत असताना फोममधली हवा तापून फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. पांढऱ्या थर्माकोलात तर हे फारच होतं. दिवस उतरताना हवा आकसते आणि रेझिनला उलट आत ओढून घेते. किती साधी गोष्ट, आणि डब्यावर कुठे लिहिलेली नसते.

एपॉक्सी दोन भागांत येतं, रेझिन आणि हार्डनर. माझ्याकडचं दोनास एक. मामाला मापाची ही शिस्त आवडली नाही. त्याच्या पॉलिएस्टरमध्ये गार हवा असली की हार्डनर जरा जास्त घालायचा, ऊन असलं की कमी, असा हात बसलेला. पॉलिएस्टरचा हार्डनर फक्त क्रिया सुरू करून देतो. एपॉक्सीचा हार्डनर त्या घट्ट होणाऱ्या वस्तूचाच भाग बनतो. माप चुकलं तर उरलेल्याला जोडीदार मिळत नाही आणि बोर्ड कायमचा चिकट राहतो. शिवाय मिसळलेलं रेझिन भांड्यात साठवून ठेवायचं नाही. एकत्र राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरावतं, दगड होतं. पसरलं की थंडावतं आणि वेळ देतं. म्हणून मिसळलं की लगेच बोर्डावर ओतायचं.

त्या संध्याकाळी समुद्रावरून धुकं आत यायला लागलं होतं. कापड बोर्डावर अंथरलेलं, कडेने दोन-तीन इंच खाली लोंबणारं, आणि इतकं पांढरं की खालचा गुलाबी रंग जेमतेम जाणवत होता. मधोमध रेझिनची धार सोडली. क्षणभर ती वरच थांबली. मग धाग्या-धाग्यांत शिरू लागली आणि जिथे शिरली तिथे कापड नाहीसं झालं. रबरी पट्टीने रेझिन नाकाकडे ओढत नेलं तसतसा पांढरा भाग मागे हटत गेला आणि त्याखालून फोम पुन्हा दिसू लागला, आधीपेक्षा गडद, ओला, पेन्सिलच्या त्या गोलांच्या पुसट खुणांसकट. काच दिसेनाशी होते तेव्हा ती बसलेली असते. जिथे चंदेरी ठिपके उरतात तिथे हवा अडकलेली असते. ते ठिपके पट्टीने हळूच कडेपर्यंत नेऊन सोडायचे. कडेवरून लोंबणारं कापड ओलं करून खाली वळवायचं, आणि ते चिकटून राहील अशा बेताने सोडून द्यायचं. सारखं बोट लावत राहिलं की उठतं. मामा फोनच्या पडद्यावरून हे सगळं बघत होता. तिकडे पहाट झाली होती. बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "तुझो हात बसलो हा. बुडबुडो खंय दिसणा नाय."

पोटाकडे एक थर, पाठीकडे दोन, मग कापडाची वीण भरून काढणारा रेझिनचा नुसता हात, मग घोटणं. घोटण्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे आणि करण्यासारखं भरपूर. फिन, म्हणजे शेपटीखालचा पर, मी एकच लावली, प्लायवूडची, पातळ पानासारखी तासून काच चढवलेली. साडेसात फुटांच्या शांत बोर्डाला तेवढी पुरते. सर्फबोर्डाला पहिली फिन टॉम ब्लेकने १९३५ मध्ये बसवली, तीही एका मोटरबोटीचा टाकून दिलेला धातूचा कणा काढून. हाताशी आलेल्या वस्तूचा असा उपयोग या छंदात सुरुवातीपासून होत आला आहे. ड्यूक कहानामोकू १९१४ मध्ये सिडनीला पोहायच्या स्पर्धांसाठी गेला तेव्हा त्याच्याकडे बोर्ड नव्हता. त्याने तिथल्या दुकानातली शुगर पाइनची फळी घेऊन स्वतः बोर्ड घडवला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाला सर्फिंग दाखवलं. तो बोर्ड तिथल्या क्लबने आजही जपून ठेवला आहे. टॉम मोरीने १९७१ मध्ये हवाईत फोमचा एक मोठा तुकडा विजेच्या सुरीने अर्धा कापला, वर वर्तमानपत्र ठेवून घरातली इस्त्री फिरवली आणि बूगी बोर्ड जन्माला आला. त्या पहिल्या बोर्डावर बातम्यांची शाई उमटली होती. ही सगळी माणसं मला आमच्या गॅरेजच्या परंपरेतली वाटतात. तयार ठोकळ्यांचा, छापील कंपनीच्या बोर्डांचा काळ या इतिहासात लहानसा आहे.

कोवेल्सचा किनारा गावच्या धक्क्याला लागून आहे. तिथे लाट सावकाश फुटते आणि बराच वेळ चालते, म्हणून नवशिके आणि म्हातारे दोघंही तिथेच येतात. बोर्डावर पालथं पडून हात मारायला सुरुवात केली आणि पहिल्याच हातात कळलं की हा हलका आहे, उंच तरंगतो, वारा आला की किंचित बिचकतो. लाट मागून आली, शेपूट उचलली गेली, आणि मी उभी राहिले तेव्हा उजवी कड पाण्यात बसली. कुठे बसली ते मला नेमकं ठाऊक होतं. सावलीची रेघ सलग करताना ज्या वळणावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला होता, त्याच वळणाशी पाणी धरून होतं. विकत घेतलेल्या बोर्डावर मी अनेक वर्षं उभी राहिले होते, पण पायाखाली काय चाललंय ते कधी असं उलगडून कळलं नव्हतं. लाट संपेपर्यंत मी त्या कडेकडेच बघत होते.

आजोबा धक्क्यावर कठड्याला टेकून उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी बोर्ड हातात घेतला, उलटा केला, शेपटीच्या धारेवरून बोट फिरवलं. "पुढच्याला इथे अर्धा इंच पुढून धार सुरू कर," एवढंच म्हणाले. पुढचा होणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

आता थोडं आपल्या किनाऱ्याविषयी. मालवण, देवबाग, तारकर्लीला पर्यटक येतात, पाण्यातले खेळ चालतात, स्कूबा शिकवतात. गोव्यात मोरजी-अश्वेला सर्फिंगच्या शाळा आहेत. बोर्ड मात्र बहुतेक बाहेरून येतात आणि गावातल्या मुलाला परवडत नाहीत. त्याच किनाऱ्यावर फायबरच्या होड्या होतात. काच कशी ओली करायची, बुडबुडा कसा काढायचा, कड कशी वळवायची, हे माझ्या मामासारख्या कितीतरी लोकांच्या हातात आहे. होडी करणाऱ्या हाताला बोर्ड जड नाही. तिरप्या उजेडाची युक्ती आणि संध्याकाळची वेळ एवढं नवं शिकायचं. मामाला मी पहिल्या बोर्डाची मापं आणि प्लायच्या पट्ट्यांची उंची पाठवली आहे. ज्यांच्या घराशेजारी असा कारखाना असेल त्यांनी पावसाळ्यात, मासेमारी बंद आणि कामही थोडं मंद असतं तेव्हा, एक बोर्ड करून पाहावा. तीन गोष्टी सांभाळा: फोम पॉलिस्टायरिनचा असेल तर रेझिन एपॉक्सीच घ्या, हातमोजे आणि मास्क एकदाही विसरू नका, आणि भुगा पोत्यात भरा. लाटांवर जायचं ते पावसाळा सरून समुद्र निवल्यावरच, आणि बोर्ड मुलाच्या हातात देण्याआधी त्याला पोहायला शिकवा.